नेपाळच्या कोठारातली मार्टिनी-हेन्री: घेताना काय पाहावं, साफ करताना काय टाळावं

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ‘नेपाळहून आलेली, अजिबात हात न लावलेली’ म्हणून विकली जाणारी मार्टिनी-हेन्री रायफल त्यांनी घेतली. खोक्यातून निघाली ती डांबरासारख्या काळ्या थरानं माखलेली. लिव्हर (यंत्रणा उघडायची खालची दांडी) हलत नाही, नळीतून उजेड दिसत नाही, दस्त्याला रिसीव्हरजवळ (यंत्रणा बसते त्या लोखंडी पेटीजवळ) भेग आहे. ही अस्सल आहे का, साफ कशी करायची, तिच्यातून कधी बार काढता येईल का आणि पुढेमागे ती पुण्याच्या घरी नेता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

अशा रायफली बहुतेक वेळा दिसतात त्याहून पुष्कळ चांगल्या असतात. तो काळा थर म्हणजे वंगण, धूळ आणि विटांची माती यांचं शंभर वर्षांत झालेलं लुकण. दिसायला किळसवाणं, पण आतलं लोखंड त्यानंच राखलेलं असतं. या रायफलींचं खरं नुकसान कोठारात थोडं होतं आणि नव्या मालकाच्या गॅरेजमध्ये, पहिल्या शनिवार-रविवारी, जास्त होतं. पॉलिश पेपर आणि ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश घरात असेल, तर काम सुरू करण्याआधी दोन्ही शेजाऱ्याकडे ठेवायला द्या.

आधी ओळख पटवू. काठमांडूतल्या लगन सिलेखान्यात नेपाळी सैन्याचा जुना साठा पडून होता. २००३ मध्ये दोन अमेरिकी कंपन्यांनी तो विकत घेऊन अमेरिकेत आणला. त्यात ठासणीच्या ब्रन्सविक होत्या, मागून झाकण उघडून भरायच्या स्नायडर होत्या, मार्टिनी-हेन्री होत्या आणि नेपाळातच घडवलेल्या गहेंद्रा रायफलीही होत्या. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्यात आली १८७१ साली. ब्रीचची (नळीच्या मागच्या, काडतूस भरायच्या भागाची) यंत्रणा मार्टिनी या अभियंत्याची, नळीतले आटे एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीचे, सात खोबणींचे, म्हणून हे जोडनाव. काडतूस .५७७/४५० : ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी.

नेपाळच्या साठ्यात चौथ्या मार्कच्या (म्हणजे चौथ्या सुधारित आवृत्तीच्या) रायफली बऱ्याच आहेत. लांब लिव्हरवरून ती लगेच ओळखू येते. लिव्हर लांब केला त्याला कारण आहे. सुरुवातीची काडतुसं पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली असत. नळी तापली आणि आत काजळी साठली, की ती चिकटून फाटायची. १८८५ मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन वेळी रायफली अडकल्या. त्यानंतरच्या मॉडेलमध्ये काडतूस ओढून काढायला जास्त जोर मिळावा म्हणून लिव्हर वाढवला. यातल्या बऱ्याचशा रायफली आधी .४०२ बोअरच्या एनफील्ड-मार्टिनी म्हणून सुरू झालेल्या आणि मग .४५० वर आणलेल्या आहेत. त्यामुळे चौथ्या मार्कच्या रायफलीवर त्या आधीच्या रूपाचं, १८८६ किंवा १८८७ असं साल दिसलं तर दचकू नका.

शिक्के रिसीव्हरच्या उजव्या बाजूला पाहा: वर मुकुट, खाली व्ही आर ही अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि रोमन आकड्यात मार्क. एकमेकांकडे टोक केलेले दोन बाण दिसले, तर ती ब्रिटिश सैन्यातून अधिकृतपणे विकली गेली असं समजायचं. मग डावी बाजू, नळीचा मागचा भाग आणि दस्ता यांवरून बोट फिरवा. तिथे देवनागरीत अक्षरं आणि आकडे ठोकलेले सापडतील. ते नेपाळी पलटणीचे आणि मांडणीवरचे क्रमांक. अमेरिकी संग्राहक या खुणांचे फोटो काढून ‘हे काय लिहिलंय’ म्हणून विचारत फिरतात. तुम्हाला ते सरळ वाचता येतं, ही तुमची मोठीच सोय. एखादा आकडा १९४७ सारखा दिसला तर तो विक्रम संवत असणार. सत्तावन्न वजा करा, १८९० येतं. इंग्रजी शिक्का एकही नाही आणि सगळं देवनागरीतच आहे, असं असेल तर हातात मार्टिनी नसून बहुधा गहेंद्रा आहे. बाहेरून ती हुबेहूब मार्टिनी दिसते, पण आतली रचना वेगळी आहे आणि एकेक नग हातानं घडवलेला असल्यामुळे एकीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. संग्रहाची वस्तू म्हणून ती मार्टिनीपेक्षा मजेदार आहे, पण तिच्यातून बार काढायचा नाही.

नकली रायफल येते ती नेपाळहून नाही, खैबरच्या बाजूनं. तिथले कारागीर बघून बघून मार्टिनी बनवत, आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी अशा बऱ्याच आणल्या. ती पकडायला भिंग पुरतं. इंग्रजी एन उलटा ठोकलेला, एनफील्डचं (ब्रिटिश सरकारी शस्त्र कारखान्याचं) स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं कमीजास्त खोल. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया आणि ती १९०१ मध्ये वारली. तरी शिक्क्यात १९०७ किंवा १९१९ असं साल बिनदिक्कत असतं. नळीच्या तोंडाशी पाहिलं तर भोक मधोमध नसतं. भिंतीवर लावायला अशी रायफल काही वाईट नाही, फक्त किंमत अस्सलची देऊ नका.

अजून घेतली नसेल अशा वाचकांसाठी दोन शब्द. थर किती जाड आहे यावर किंमत पाडून मागण्यात अर्थ नाही, कारण तो निघतोच. जे निघत नाही किंवा परत मिळत नाही ते विचारा: दस्ता रिसीव्हरमध्ये जिथे शिरतो तिथली भेग आरपार आहे का, पुढच्या लाकडाचा तुकडा गेलाय का, लिव्हर वाकलाय का, नेम धरायच्या मागच्या साइटचं पान जागेवर आहे का, स्क्रूंच्या खाचा शाबूत आहेत का. नळीखालचा गज या साठ्यात हमखास नसतो. तो नवा मिळतो, त्यावरून सौदा मोडू नका. विक्रेत्यानं आधीच चकचकीत करून ठेवलेल्या रायफलीपेक्षा घाण रायफल केव्हाही बरी. घाणीखालचा शिक्का वाचता येतो, बफिंगच्या चाकानं पुसलेला नाही.

हात लावण्याआधी पहिलं काम एकच, आत काडतूस नाही याची खात्री. लिव्हर हलत नसेल तर ब्रीच उघडून पाहता येत नाही, म्हणून बाहेरून मोजायचं. तीन अष्टमांश इंच जाडीची, चार फूट लांब लाकडी काठी घ्या. नळीच्या तोंडातून हळू आत सोडा, टेकली की तोंडापाशी चिकटपट्टीची खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला तशीच धरा, खूण तोंडाशी जुळवून. दुसरं टोक रिसीव्हरच्या आत, ब्लॉकचा (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याचा) पुढचा चेहरा असतो तिथवर पोचलं तर नळी मोकळी. दोनतीन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते चिंध्यांचं बूच असेल, मातीचा गोळा असेल किंवा काडतूस असेल. ठोकून, तापवून किंवा ड्रिल घालून ते काढायला जाऊ नका. रायफल तशीच जुन्या हत्यारांच्या गनस्मिथकडे न्या. त्याच साठ्यातली ठासणीची बंदूक घेतली असेल तर ही मोजणी दुप्पट मन लावून करा, कारण ठासणीच्या बंदुका भरलेल्याच विसरून ठेवायची जुनी खोड जगभर आहे.

आता थर. हातमोजे आणि मास्क घाला. त्या लुकणात उंदरांच्या लेंड्याही असतात. पहिल्या फेरीत द्रव काहीच वापरायचं नाही. प्लॅस्टिकच्या खरवडणीनं किंवा बांबूच्या चपट्या काडीनं जेवढं निघेल तेवढं काढा. हेअर ड्रायरनं थर मऊ केला की तो पपडीसारखा सुटतो. मात्र ड्रायर आणि मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं, पेट घेणारं द्रव) एका वेळी टेबलावर नकोत. आधी ऊब, मग ड्रायर बंद करून दूर, मग स्पिरिट. रॉकेलही चालतं, पण घरात आठवडाभर वास राहतो.

लिव्हर हलत नसेल तर पहिला संशय ब्रीचवर घेऊ नका. लिव्हरचं टोक दस्त्याखालच्या एका खटक्यात अडकतं, आणि निम्म्या वेळा तिथेच घाण दगडासारखी बसलेली असते. ते टोक मोकळं करा, खटक्यात स्पिरिटचे चार थेंब सोडा, एक दिवस थांबा. तरी हलला नाही तर आत ब्लॉकची खीळ आणि टम्बलर (लिव्हरबरोबर फिरणारा आतला तुकडा) धरले आहेत. निम्मं अ‍ॅसिटोन आणि निम्मं गाडीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल यांचं मिश्रण घ्या. एकमेकांत ते नीट मिसळत नाही, म्हणून दर वेळी बाटली हलवा. सकाळ-संध्याकाळ खिळीच्या दोन्ही टोकांवर आणि ब्लॉकच्या कडांवर थेंब टाकत राहा. लाकडावर सांडू देऊ नका. चारपाच दिवसांत लिव्हर किंचित डुलायला लागतो. तो डुलला की हातानंच मागेपुढे करत राहायचं. लांब लिव्हरवर हातोडी मारण्याचा मोह होतो, कारण तो मार घ्यायला अगदी सोयीचा दिसतो. तो वाकतो, आणि एकदा वाकलेला लिव्हर खटक्यात परत सरळ बसत नाही.

उघडताना हत्यारं नीट हवीत. साधा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो, तो खाचेत फक्त वरच्या कडेला टेकतो आणि कड उडवतो. खाचेच्या रुंदीला आणि जाडीला बरोबर बसेल असं समांतर पात्याचं टोक घ्या, नसेल तर कानशीनं घासून तसं करा. स्क्रू अडला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा, निवू द्या, तेलाचा थेंब टाका, आणि आधी केसभर आवळायच्या दिशेनं फिरवून मग सोडवा. हा केसभर उलटा झटका गंजाची पकड तोडतो. एनफील्डचे आटे त्यांचे स्वतःचे होते, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू इथे बसत नाही. खाच गेली किंवा मान तुटली तर त्या एका स्क्रूसाठी महिनाभर शोध. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि सुटे भाग अंडी ठेवायच्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवा.

रिसीव्हरच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात ब्लॉकची खीळ आरपार जाते. तिचं एक टोक फाटलेलं असतं. ते फाटे चिमटून जवळ आणा आणि त्याच बाजूनं पितळी सुंभ्यानं ठोकून खीळ दुसरीकडून बाहेर काढा. मग लिव्हर अर्ध्यावर आणून ब्लॉकच्या पुढच्या टोकावर अंगठ्यानं घट्ट दाब द्या आणि लिव्हर थोडा मागेपुढे करा, मागचं टोक वर उसळेल. वरून जाड फडकं धरा, आत स्प्रिंगचा ताण आहे. ब्लॉक हातात आला की त्याच्या पोटात स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आदळणारी कांडी) आणि त्याची गुंडाळी स्प्रिंग असते. आधी छोटा रोखणारा स्क्रू, मग मोठं आट्याचं बूच. हा क्रम चुकला तर बुचाचे आटे जातात. या नळकांड्यात वंगण मेणासारखं गोठलेलं असतं. बाहेरून झळझळीत केलेल्या रायफलीचा चाप मेल्यासारखा का वाटतो, याचं उत्तर इथे असतं.

दस्ता काढताना लोक घाई करतात आणि नेमकी भेग वाढवून बसतात. तळाची लोखंडी पाटी दोन स्क्रूंवर असते. ती काढली की आत खोल बोगदा दिसतो आणि त्याच्या तळाशी लांब बोल्टाचं खाचेचं डोकं. बोगद्यात माती, भुसा, चामड्याचे तुकडे, काहीही भरलेलं असतं. ते सगळं व्हॅक्यूमनं ओढून काढा. बॅटरीच्या उजेडात खाच स्वच्छ दिसेपर्यंत पातं घालू नका. बोल्ट सुटला की दस्ता मागे सरळ ओढायचा. पिळायचा नाही, वरखाली हिसका द्यायचा नाही. लाकूड आणि लोखंड चिकटलं असेल तर सांध्यावर कापडाची घडी ठेवून हाताच्या तळव्यानं थापट्या. पुढच्या लाकडाच्या कड्या स्क्रूनं किंवा आडव्या खिळीनं धरलेल्या असतात, कुठली आहे ते पाहून मगच हात घाला. तिसऱ्या आणि चौथ्या मार्कमध्ये हे लाकूड मागच्या बाजूला रिसीव्हरमध्ये हुकासारख्या आकड्यानं अडकतं. म्हणून नळीपासून आधी पुढचं टोक सोडवायचं आणि मग लाकूड अलगद पुढे घ्यायचं. नळी रिसीव्हरमधून उघडायची गरज नाही, तो नाद करू नका.

लोखंड भिजवायला चार इंच व्यासाचा, साडेतीन फूट लांब पीव्हीसी पाइप घ्या, एका टोकाला टोपण चिकटवा, उभा बांधून ठेवा. नळी-रिसीव्हर आत सोडून दोन गॅलन मिनरल स्पिरिट ओता, वर झाकण. अ‍ॅसिटोन इथे चालत नाही, ते पाइपच मऊ करतं. दोन दिवसांनी बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशनं घासा.

आता गंज दिसेल, आणि खरी कसोटी इथे आहे. गंज दोन प्रकारचा. एक नारिंगी-तांबडा, बोटाला लागणारा, तो अजून लोखंड खातो आहे. दुसरा गडद तपकिरी-काळा, घट्ट, गुळगुळीत. तो गंज नाहीच म्हणा, ते तिचं वय आहे. नळीला मुळात तपकिरी रंग चढवलेलाच असायचा. पहिला काढायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्यासाठी सगळ्यात उत्तम हत्यार खिशात असतं: १९८२ च्या आधीचं अमेरिकी एक सेंटचं नाणं. त्यात ९५ टक्के तांबं आहे, ते लोखंडाहून मऊ असतं, चरा पाडत नाही. कड कानशीवर थोडी धारदार करा, पातळ तेल लावा आणि नाणं आडवं धरून गंजाच्या फोडावरून फिरवा. तांबड्या फोडाचं टोपण टचकन उडतं, खाली काळा खळगा राहतो. तो खळगा तसाच राहू द्या. त्याच्या तळापर्यंत घासायचं म्हणजे आजूबाजूचा सगळा पत्रा तितका उतरवायचा, आणि मग शिक्केही उतरतात. उरलेल्या भागावर तेलात भिजवलेली चार शून्य नंबरची स्टील वूल, बोटाच्या दाबानं, तीही शिक्के सोडून.

चाप, खिळी, स्क्रू अशा छोट्या भागांसाठी उकळण्याची रीत चांगली. भाग आधी तेलमुक्त करा, डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस मिनिटं उकळा. तांबडा गंज काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये बदलतो. वर काळी मखमलीसारखी पूड येते, ती मऊ ब्रशनं झाडा, गरम असतानाच तेल लावा. नळाचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. तेल राहिलं तर रंग चट्ट्याचट्ट्यांनी येतो. व्हिनेगर, फॉस्फोरिक आम्लाची जेली, बाजारातलं कोल्ड ब्लू (लोखंडाला काळा-निळा रंग देणारं रसायन), यांतलं काहीही नको. आम्लानं लोखंड मेलेल्या करड्या रंगाचं होतं आणि कोल्ड ब्लू सहा महिन्यांत डाग धरतं. दोन्ही केलेली रायफल जाणकार दुरून ओळखतो आणि किंमत अर्ध्यावर आणतो.

नळीच्या आत कांस्याचा ब्रश आणि स्पिरिट, चिंध्या काळ्यावरून करड्या होईपर्यंत. एवढं करूनही सात खोबणी दिसल्या नाहीत तरच विजेची रीत. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. ब्रीचकडून रबरी बूच घट्ट बसवा, नळी उभी बांधा, पाणी तोंडापर्यंत भरा. आत साध्या लोखंडाची पाव इंची सळई सोडा. दर आठ इंचांवर तिला इन्सुलेशन टेपचे वेढे द्या म्हणजे ती नळीला टेकणार नाही. टेकली तर शॉर्ट होतं. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा जुन्या धाटणीचा चार्जर. ऋण टोक नळीला, धन टोक सळईला. उलटं जोडलंत तर गंज जाण्याऐवजी नळीच विरघळायला लागेल, म्हणून बटण दाबण्याआधी दोनदा पाहा. स्टेनलेसची सळई वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा हे काम उघड्यावर करायचं. दोन तासांनी बंद करा, सळईवरचा चिखल पुसा, परत लावा. तीनचार फेऱ्या पुरतात. हीच रीत नळीच्या बाहेरून वापरू नका, जुना तपकिरी रंगही त्यात निघून जातो. शेवटी उकळतं पाणी ओता, कोरडं करा आणि लगेच तेल. इथे पाच मिनिटं फोनवर बोलत बसलात की आत पुन्हा तांबूस झाक येते.

लाकूड अक्रोडाचं असतं आणि थराखाली ते काळं-कुळकुळीत दिसतं. ओव्हन क्लीनर मारून ते ‘उजळवण्याचा’ सल्ला सर्रास मिळतो. त्यातला कॉस्टिक सोडा अक्रोडाचा रंग मारतो आणि तंतू भुसभुशीत करतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या जाडसर कापडानं तंतूंच्या दिशेनं पुसत राहा, कापड बदलत राहा. लाकडात मुरलेलं तेल काढायला खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लापशीसारखी करा, पाव इंच जाड थापा, वाळू द्या, झटकून टाका. पहिली पूड कॉफीच्या रंगाची निघेल, तिसरी-चौथी जवळजवळ पांढरी. भेग चिकटवण्याआधी एवढं करावंच लागतं, कारण तेलकट लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही.

भेगेला सावकाश वाळणारं इपॉक्सी. ड्रायरनं लाकूड किंचित कोमट करा, भेग पाचरीनं केसभर उघडा, इपॉक्सी आत ओढलं जाईल. पाचर काढा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गच्च बांधा, चोवीस तास. भेग आरपार असेल तर आतल्या बाजूनं, बाहेर भोक दिसणार नाही अशा तऱ्हेनं, तीन मिलिमीटरची आट्याची पितळी सळई आडवी घाला. ठोके खाल्लेल्या जागी ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली की दबलेले तंतू फुगून वर येतात. पण जिथे शिक्का आहे तिथे हे करायचं नाही. शिक्का म्हणजेसुद्धा दबलेले तंतू, तेही फुगतील आणि शिक्का पुसेल.

शेवटी जवसाचं कच्चं तेल. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, म्हणजे खोल जातं. पुढचे हात नुसत्या तेलाचे, तळव्यानं चोळून गरम करत, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून. आठवडाभर रोज एक आणि मग महिनाभर आठवड्याला एक. वर्षानं मेण, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग, मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलेलं. टर्पेंटाइन आच बंद केल्यावरच घालायचं. तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. पॉलियुरेथेनचं वार्निश मारणाऱ्याशी वाद घालण्यात हशील नाही, पण तुम्ही ते मारू नका.

बार काढण्याबद्दल थोडक्यात. अस्सल ब्रिटिश मार्टिनीतून आजही लोक काळ्या दारूनं चांदमारी करतात, पण आधी गनस्मिथकडून ब्रीचचा गाळा (ब्लॉक आणि काडतुसाच्या बुडामधली जागा), चेंबरचा (काडतूस बसतं त्या पोकळीचा) साचा आणि नळी तपासून घेऊनच. गोळीचा व्यास कागदावरच्या .४५० वरून ठरवायचा नसतो. नळीत मऊ शिसं ढकलून प्रत्यक्ष माप घेतात आणि ते पुष्कळदा .४६५ च्या आसपास किंवा पुढे जातं. धूर न करणारी आधुनिक दारू कधीच नाही. तुमच्या दस्त्याला भेग आहे, तेव्हा तुमच्यापुरता हा विषय इथेच थांबतो. भिंत पुरे.

कायदा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘अँटिक’ धरतात. मार्टिनीवरचं साल म्हणून मोलाचं, आणि ते घासून घालवण्यासारखा वेडेपणा नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात, तुमच्या राज्याचे पाहा. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी: .५७७/४५० हे कालबाह्य काडतुसांच्या सरकारी यादीत आहे, शोभेची वस्तू म्हणून ठेवायला परवाना लागत नाही. बार काढायचा म्हटलं की लागतो.

भारतात तसं नाही. १८९८ सारखी रेघ भारतीय कायद्यात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून बार निघणार नाही अशांनाच. तुम्ही साफसूफ केलेली मार्टिनी त्यात बसत नाही. आयातीला वेगळा परवाना लागतो. विमानाच्या सामानात घालून पुण्याला नेण्याचा विचार सोडा, विमानतळावरच अटक होऊ शकते. उलट दिशेनंही हेच. गावच्या वाड्यात माळ्यावर आजोबांची तोड्याची किंवा ठासणीची बंदूक सापडली तर ती अमेरिकेत आणता येत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि तिची खासगी निर्यात बंद आहे. ती पुसूही नका, आधी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात परवान्याचं विचारा.

ह्यूस्टनची हवा दमट आहे, तेव्हा लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, रेनेसाँ वॅक्स चालेल. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला ठीक, महिनोन्‌महिने राखायला नाही. नळीच्या तोंडात कापडाचं बूच बसवू नका, ओल आत कोंडते. भिंतीवरच्या ज्या हुकांवर लोखंड टेकणार त्यांना लोकर किंवा चामडं न लावता पॉलिएथिलीनच्या फोमचा तुकडा लावा. कमावलेल्या चामड्यातलं आम्ल लोखंडाला लागतं. पट्टा अडकवून ठेवला तर सहा महिन्यांत त्याच्या बरोबर रुंदीचा तांबडा पट्टा नळीवर उमटतो.